पुस्तक उघडेपर्यंतचं अंतर

वाचनालयाच्या देवघेवीच्या टेबलावर मी बरीच वर्षं बसते आहे. परत आलेलं पुस्तक कपाटात जाण्याआधी त्याची पानं एकदा झरझर फिरवून बघायची हाताला सवय लागली आहे, कारण लोक आत काहीबाही विसरतात. प्रवासाचं तिकीट, औषधाची चिठ्ठी, लहान मुलाने काढलेलं चित्र, फाडलेल्या पाकिटाचा तुकडा. वाचनखूण म्हणून जे हाताला लागलं ते घातलेलं असतं. या खुणा मला फार वेळा सापडतात त्या पंचविसाव्या, तिसाव्या, चाळिसाव्या पानात. शेवटाजवळ क्वचितच.

पुस्तक परत करताना माणूस म्हणतो, "छान होतं, पण वेळच झाला नाही." पूर्वी मला वाटायचं, आवडलं नसेल आणि सांगायला संकोच वाटत असेल. पण जरा विचारलं की त्या तीस पानांबद्दल तोच माणूस भरभरून बोलतो. पात्रांची नावं आठवत असतात, पुढे काय झालं असेल याची उत्सुकताही असते. त्या तिसाव्या पानाकडे तो पुन्हा पोचलेला नसतो, एवढंच.

नव्याने वाचू पाहणाऱ्यांची अडचण मला तिथेच दिसते. एकदा पान उघडून बसलं की बहुतेकांचं वाचन बरं चालतं. गाडं अडतं ते पुस्तक पुन्हा हातात घेऊन उघडेपर्यंतच्या दोन-तीन मिनिटांत. पुढे जे सांगते आहे ते मुख्यतः त्या दोन-तीन मिनिटांसाठी.

आधी तीन दिवस नुसतं बघा

लगेच संकल्प सोडू नका. वर्षाला इतकी पुस्तकं, दिवसाला इतकी पानं, हे आकडे आत्ता नकोत. तीन दिवस एवढंच करा: वाचता आलं असतं पण वाचलं नाही, असा प्रत्येक प्रसंग एका ओळीत लिहून ठेवा. तुम्ही कुठे होता, पुस्तक कुठे होतं आणि त्याऐवजी हातात काय होतं.

"रात्री साडेदहा, पलंगावर. पुस्तक बाहेरच्या खोलीत. हातात फोन." "दुपारी रांगेत वीस मिनिटं उभी. पुस्तक घरी." "उघडलं, दोन पानांत डोळे मिटले." "तीच ओळ तीनदा वाचली, मग ठेवून दिलं."

असं लिहिलं की "वेळ नाही" या दोन शब्दांखाली दबलेल्या वेगवेगळ्या अडचणी सुट्या होतात. त्यांचे उपायही वेगळे आहेत. ज्याचे डोळे दुखतात त्याने फोन कितीही लांब ठेवला तरी उपयोग नाही, आणि ज्याने चुकीचं पुस्तक निवडलंय त्याला दिवा बदलून काही मिळणार नाही. म्हणून पुढचं सगळंच्या सगळं करू नका. तुमच्या नोंदींत जे दिसेल तेवढंच उचला.

वेळेचा हिशेब एकदाच करा

घड्याळ लावून दहा मिनिटं नेहमीच्या गतीने वाचा आणि किती पानं झाली ते मोजा. समजा सहा झाली. मग रोजच्या पंधरा मिनिटांत नऊ पानं होतात. १८० पानांचं पुस्तक २० दिवसांत हातावेगळं होतं आणि वर्षाला अशी १८ पुस्तकं होतात. हा हिशेब स्वतःच्या आकड्यांनी करा. दिवसाचे दोन तास मोकळे झाल्याशिवाय वाचनाला अर्थ नाही, असं मनात धरून बसलेले लोक मला रोज भेटतात. त्यांना हा गुणाकार कागदावर करून दाखवला की चेहरा बदलतो.

आपण हळू वाचतो, हीदेखील अनेकांची खंत असते. बेल्जियममधल्या घेंट विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ मार्क ब्रायसबर्ट यांनी २०१९ साली १९० अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र केले. इंग्रजी मजकूर मनातल्या मनात वाचणाऱ्या प्रौढांची सरासरी गती मिनिटाला माहितीपर लेखनात २३८ शब्द आणि कथात्मक लेखनात २६० शब्द निघाली. मिनिटाला हजार शब्दांचे जे दावे ऐकू येतात, त्यांच्या आसपासही ही गती नाही. मराठीशी या आकड्याची तुलना करू नका, कारण आपल्या एका शब्दात बरंच काही सामावलेलं असतं. "घरातल्यांनासुद्धा" हा आपला एकच शब्द झाला. वेगवाचनाचे वर्ग लावायचा विचार असेल तर हेही माहीत असू द्या: कीथ रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावरच्या संशोधनाचा आढावा घेतला, तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. वेग खूप वाढवला की समजणं कमी होतं, असाच त्याचा निष्कर्ष होता. वाचून वाचून, शब्द ओळखीचे होत गेले की गती आपोआप वाढते.

पुस्तक हाताखाली आलं पाहिजे

ही पायरी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, म्हणून इथे जरा थांबते.

कपाटात नीट लावलेलं पुस्तक दिसायला छान असतं, पण ते काढायला उठावं लागतं. दमलेलं शरीर उठत नाही. जी वस्तू हाताजवळ असेल तीच ते उचलतं, आणि ती बहुधा फोन असते. म्हणून सध्या वाचत असलेलं पुस्तक कपाटात ठेवूच नका. मी ते उशीवर ठेवते. उशीशेजारच्या टेबलावर नाही, थेट उशीवर. झोपायला गेलं की ते उचलावंच लागतं, आणि उचललेलं पुस्तक उघडायला वेगळी मेहनत पडत नाही. सकाळी अंथरूण आवरताना ते पुन्हा तिथेच जातं. ज्यांचा वेळ प्रवासात मोकळा असतो त्यांनी ते पिशवीच्या तळाशी न टाकता बाहेरच्या कप्प्यात ठेवावं, एका हाताने निघेल असं. पिशवीसाठी पातळ पुस्तक निवडा. जाडजूड ग्रंथ खांद्याला जड होतो आणि चौथ्या दिवशी घरीच राहतो.

मग ते एका रोजच्या कामाला बांधा. "रोज वाचेन" असं ठरवलं तर ते हवेत राहतं. "रात्री बाहेरच्या खोलीतला दिवा बंद करून दाराला कडी घातली की पलंगावर बसून दोन पानं" असं ठरवलं तर कडी घालण्याचं काम पुस्तकाची आठवण करून देतं. दोनच पानं ठरवा. दहा वाचली तर आनंद आहे, पण ठरलेली दोनच, म्हणजे फार वाईट दिवशीही ती होतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांचा अभ्यास केला होता, २००९ साली प्रसिद्ध झालेला. नवी कृती अंगवळणी पडायला लागलेला काळ सरासरी ६६ दिवसांचा निघाला, पण माणसामाणसांत फरक प्रचंड होता, १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत. तेव्हा तीन आठवडे झाले आणि अजून आठवण करावी लागते म्हणून स्वतःवर नाराज होऊ नका.

आता वाचनखुणेबद्दल. साधी कागदाची चिठ्ठी घ्या आणि पुस्तक मिटण्याआधी तिच्यावर पेन्सिलीने एक ओळ लिहा, गोष्ट कुठे आली आहे त्याची. "मुलगी पत्र घेऊन फलाटावर उभी. पत्र कुणाचं ते कळलेलं नाही." एवढंच. दोन दिवसांनी उघडाल तेव्हा "कुठे होतो बरं मी" म्हणत चार पानं मागे जावं लागत नाही. माझ्या पाहण्यात या मागे जाण्यानेच लोक कंटाळतात आणि पुस्तक पुन्हा मिटतात. शक्य असेल तर प्रकरण संपल्यावर थांबू नका. पुढच्या प्रकरणाचं एक पान वाचून थांबा. प्रकरणाच्या शेवटी मनाला विसावा मिळतो, आणि तिथून दुसऱ्या दिवशी उठणं जड जातं.

फोन

फोन वाईट आहे असं मी म्हणणार नाही. मीही त्यावर वाचते. पण वाचनाआधीची पाच मिनिटं त्यावर गेली की पुढची पंधरा बिघडतात. सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ साली दाखवून दिलं की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलं की मनाचा काही भाग पहिल्याच कामात अडकून राहतो आणि दुसरं काम नीट होत नाही. अर्धवट सोडलेला निरोप, उत्तर न दिलेला प्रश्न, अर्धी पाहिलेली चित्रफीत, हे सगळं पुस्तकाच्या पानावर तुमच्यासोबत येतं.

तेव्हा पुस्तक उघडण्याआधी एक कोरा कागद घ्या आणि डोक्यात जे लोंबकळत आहे ते त्यावर उतरवा: उद्या कुणाला फोन करायचा, कुठलं बिल भरायचं, काय आणायचं. मग फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. फोन पालथा घालून शेजारी ठेवला तर हात जातोच, आणि प्रत्येक वेळी त्याला आवरण्यात शक्ती खर्च होते. गजर फोनवर लावत असाल तर साधं गजराचं घड्याळ घ्या. घरात कुणी आजारी असेल, रात्री फोन येण्याची शक्यता असेल, तर आवाज मोठा करून तो दाराबाहेर ठेवा. वाजला तर ऐकू येईल.

पुस्तक फोनवरच वाचत असाल तर वाचनापुरता फ्लाइट मोड लावा. पुस्तक आधी उतरवून घेतलेलं असलं की त्याला इंटरनेट लागत नाही.

रस गेला की नजर गेली?

आमच्याकडे एक गृहस्थ नेमाने येत. पन्नाशी ओलांडलेले, जाड कादंबऱ्यांचे वाचक. मग ते पातळ पुस्तकं न्यायला लागले. मग दोन-दोन महिने तेच पुस्तक ठेवायला लागले, आणि एके दिवशी सभासदत्व बंद करायला आले. म्हणाले, "आता रसच राहिला नाही हो वाचनात." बोलता बोलता त्यांनी टेबलावरचं एक नवं पुस्तक उचललं आणि मलपृष्ठ वाचायला लागले. पुस्तक हातभर लांब धरलं. मान मागे नेली. मग दोन पावलं सरकून खिडकीपाशी गेले आणि पुस्तक उजेडाकडे तिरकं केलं. चौथ्या ओळीवर कपाळाला आठ्या पडल्या आणि त्यांनी ते खाली ठेवलं.

मी त्यांना सभासदत्व महिनाभर राहू द्या आणि आधी डोळे तपासून या म्हटलं. तीन आठवड्यांनी आले ते नाकाच्या शेंड्यावर चष्मा घेऊन. त्या दिवशी त्यांनी दोन कादंबऱ्या नेल्या.

चाळिशी लागते म्हणजे डोळ्यातलं भिंग वयानुसार ताठर होत जातं आणि जवळच्या वस्तूवर नेमकं रोखता येत नाही. हे साधारण चाळिशीच्या आसपास सुरू होतं म्हणून चष्म्यालाच आपण ते नाव दिलं. हे इतकं हळूहळू होतं की माणसाला अंधुक दिसतंय हे जाणवत नाही. जाणवतो तो कंटाळा, डोकेदुखी, दोन पानांतच येणारा शीण. म्हणून पूर्वी वाचणारा माणूस वाचेनासा झाला तर इतर काही शोधण्याआधी डोळे तपासून घ्यावेत. तरुणांनीही. लांबचा चष्मा असलेल्यांचा नंबर बदललेला असतो आणि वर्षानुवर्षं तपासलेला नसतो.

बाकीचं सोपं आहे. दिवा समोर नको. खांद्यामागून किंवा बाजूने उजेड थेट पानावर पडला पाहिजे, आणि लिहिता-वाचताना स्वतःच्या हाताची सावली पानावर येता कामा नये. पडद्यावर वाचत असाल तर अक्षर बिनधास्त मोठं करा. दर २० मिनिटांनी २० फुटांवरच्या वस्तूकडे २० सेकंद बघा. पडद्याकडे बघताना पापण्या कमी लवतात आणि डोळे कोरडे पडतात, त्यामुळे मुद्दाम डोळे मिटा-उघडा.

अक्षरं नीट दिसूनही वाचणं लहानपणापासूनच कष्टाचं वाटत आलं असेल, अक्षरं अदलाबदल होत असतील, ओळ सुटत असेल, तर आळशीपणाचा शिक्का स्वतःवर मारू नका. तज्ज्ञांना दाखवा, आणि तोवर श्राव्य पुस्तकं ऐका. ऐकलेलं पुस्तक हे पुस्तकच असतं. पुस्तक समोर उघडून सोबत ऐकलं तर ओळीवर बोट ठेवत पुढे जाता येतं, आणि कित्येकांना त्याचा फार आधार होतो.

झोप येते

आडवं होऊन वाचू नका, पाठ टेकून बसा. तरीही डोळे मिटत असतील तर शरीराला झोप हवी आहे, ती घ्या, आणि वाचनाची वेळ सकाळकडे किंवा दुपारकडे सरकवा. रात्रीच वाचलं पाहिजे असं कुठे आहे?

पुस्तक चुकलं असेल तर

नवे सभासद पहिल्या दिवशी बहुधा एखादं भारदस्त नाव घेऊन येतात. "हे वाचलंच पाहिजे असं म्हणतात." मी ते देते, पण सोबत एक हलकं पुस्तकही हातात ठेवते. दमलेल्या संध्याकाळी भारदस्त पुस्तक उघडलं जात नाही, हलकं उघडलं जातं, आणि उघडण्याची सवय दोघांनाही उपयोगी पडते.

निवडताना मलपृष्ठावरच्या स्तुतीवर जाऊ नका. मधलं कुठलंही एक पान काढून उभ्या उभ्या पूर्ण वाचा. लेखक पहिल्या पानावर खूप मेहनत घेतात, भाषेचा रोजचा पोत मधल्या पानावर कळतो. एका पानात पाच-सहा शब्द अडले, वाक्याचा अर्थ दोनदा वाचूनही लागला नाही, तर ते पुस्तक वर्षभराने घ्या. लांबलचक प्रस्तावना असेल तर सरळ ओलांडा. पुस्तक संपल्यावर ती वाचली की जास्त कळते.

आणि आवडलं नाही तर सोडा. हे सांगताना समोरच्याच्या चेहऱ्यावर अपराधी भाव उमटतो, म्हणून मी मुद्दाम सांगते. ग्रंथालयशास्त्रात शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेली पाच सूत्रं आम्हाला शिकवली जातात. त्यांतलं दुसरं, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. तिसरं, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. तुम्ही अडवून धरलेल्या पुस्तकाचा वाचक दुसराच कुणी असू शकतो आणि तो कदाचित वाट बघत असेल. सोडायचं कधी, याचा एक साधा नियम अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलच्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांनी सांगितला आहे: ५० पानं वाचून बघा, मग ठरवा. वय पन्नाशीच्या पुढे असेल तर १०० मधून वय वजा करा आणि तेवढीच पानं द्या. सत्तरीच्या माणसाने तीस पानांत निर्णय घ्यावा. मला हा नियम मनापासून पटतो.

सोडलेलं पुस्तक घरात डोळ्यांसमोर ठेवू नका. ते तिथे असेपर्यंत दुसरं उघडायला मन धजत नाही. परत करा, कुणाला द्या.

मन भरकटतं, वाचलेलं आठवत नाही

वाचताना डोळे ओळीवरून सरकत जात नाहीत. ते उड्या मारतात, प्रत्येक उडीनंतर साधारण पाव सेकंद थांबतात, आणि सराईत वाचकांचेही डोळे दहा-पंधरा टक्के उड्या मागच्या बाजूला मारतात. त्यामुळे मागे जाऊन वाक्य पुन्हा वाचावं लागलं तर तुमचं काही चुकत नाही. पण पानंच्या पानं नुसती डोळ्याखालून जात असतील तर अर्धं पान मोठ्याने वाचा. आवाज कानावर पडला की मन बहुधा परत येतं.

आठवत नाही या तक्रारीवर उपाय आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा, तो बाजूला ठेवून आठवून लिहिणाऱ्यांच्या तो आठवड्यानंतर जास्त लक्षात राहिला. तेव्हा वाचून झालं की पुस्तक मिटा, अर्धा मिनिट छताकडे बघा आणि काय वाचलं ते मनात सांगा. मगच चिठ्ठीवरची ती ओळ लिहा. कादंबरीतलं सगळं लक्षात ठेवण्याची मात्र सक्ती करून घेऊ नका. ती वाचताना जे मिळालं ते मिळालंच आहे.

घरातली माणसं

"जरा वाचू दे" म्हटलं तर कुणी ऐकत नाही, कारण ते कधी संपणार हे त्यांना माहीत नसतं. "साडेनऊपर्यंत वाचते, मग आपण बोलू" म्हटलं तर ऐकतात. साडेनऊला खरोखर पुस्तक मिटा.

खंड पडला तर

पडणारच. पाहुणे येतात, परीक्षा असतात, आजारपणं येतात. लॅली यांच्या त्याच अभ्यासात असंही दिसलं होतं की एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात फारसा फरक पडत नाही. दुसऱ्या दिवशी चुकलेली पानं भरून काढायला जाऊ नका, ठरलेली दोनच वाचा.

खंड मोठा असेल, महिने गेले असतील, तरी पहिल्या पानापासून सुरुवात करायची गरज नाही. चिठ्ठीवरची ओळ वाचा, खुणेच्या मागची दोन पानं वाचा आणि पुढे चला. काही नावं आठवणार नाहीत, ती पुढच्या दहा पानांत पुन्हा भेटतात.

परत आलेल्या पुस्तकांत ज्या खुणा सापडतात त्या मी टाकत नाही. मागे पुस्तकाचं नाव आणि पानाचा आकडा लिहून टेबलाच्या खणात ठेवते. गेल्या महिन्यात एक मुलगी आली आणि वर्षापूर्वी अर्धवट परत केलेलं पुस्तक पुन्हा मिळेल का म्हणाली. पुस्तक कपाटात होतं. मी खणातून तिचं जुनं तिकीट शोधून काढलं, त्याच्यामागे ३४ लिहिलेलं होतं. तिने पुस्तक घेतलं, टेबलापाशीच चौतिसावं पान उघडलं आणि तिथेच उभी राहून वाचू लागली. मागे दोघं जण थांबले होते, त्यांना मी शेजारच्या बाजूने घेतलं.